इथे फासे टाकू नयेत

रोसविता पिओंतेकने आयुष्यात एकही धड गोष्ट स्वतःच्या डोक्यातून काढली नाही, आणि तसा तिचा दावाही नव्हता. ती बोखुममध्ये ट्राम चालवायची, आणि शनिवारी दुपारी चर्चच्या सभागृहाखालच्या तळघरात फाशांचा खेळ चालवायची. खेळ असा, की टेबलाभोवती तिघं-चौघं बसतात, प्रत्येकजण एकेक पात्र आपलं म्हणून घेतो, आणि एकजण सूत्रधार होतो. सूत्रधाराने सांगायचं, "समोर नदी आहे, पूल मोडलाय, पलीकडून धूर येतोय. काय करता?" मग बाकीच्यांनी काय करायचं ते ठरवायचं, आणि जे जमेल की नाही याची खात्री नाही ते फाशावर सोपवायचं. ही सूत्रधारकी रोसविताने पंचवीसेक वर्षं केली, आणि दर वेळी दुकानातून आणलेल्या तयार मोहिमेवर केली. नकाशे छापलेले, राक्षस छापलेले, खानावळवाल्याने दारात उभं राहून काय बोलायचं तेही छापलेलं.

या मंडळींत हे जरा खालच्या पायरीचं समजतात. खरा सूत्रधार तो, जो आपली दुनिया आपण उभी करतो. दुसऱ्याने विणलेला स्वेटर चालतो, दुसऱ्याने भाजलेला पाव चालतो, गोष्ट मात्र घरचीच हवी, असा काहीतरी हट्ट असतो लोकांचा. तिच्या टेबलावरचा योखेन हा त्यांतलाच. शाळेत भूगोल शिकवायचा. त्याने एक आख्खा खंड रचला होता, त्यातल्या नद्या, करपद्धती, वारे कुठून वाहतात, सगळं. त्या खंडात दोनदापेक्षा जास्त कुणी गेलेलं नव्हतं.

"आयत्या बिळावर नागोबा," तो रोसविताला चिडवायचा. "आठवडाभर रुळांवर, शनिवारी पण रुळांवर. तुला कधी वळावंसं वाटत नाही का गं?"

"रूळ आहेत म्हणून तू घरी पोचतोस," रोसविता म्हणायची. "तुझ्या खंडात गेलेली माणसं अजून परत आलेली नाहीत."

यावर आनेग्रेट खो खो हसायची. आनेग्रेट औषधांच्या दुकानात काम करायची, आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून साठलेलं सगळं तिखट शनिवारी बाहेर काढायची. तिसरा फोल्कमार. तो छपरांवर कौलं बसवायचा. बोलायचा कमी, आणि दर शनिवारी न चुकता कच्चा खिमा आणि कांदा लावलेले पाव घेऊन यायचा, मोठ्या डब्यात, ओल्या फडक्याखाली झाकून.

रोसविताचे वडील खाणीत होते, खाण बंद पडेपर्यंत. आई दुसऱ्यांच्या घरी फरशा पुसायची. चौथीच्या निकालावर बाईंनी लिहिलं होतं की मुलगी कष्टाळू आहे, आज्ञाधारक आहे, कल्पनाशक्ती मात्र नाही. आईने ते जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "नसली तर नसली. कल्पनाशक्तीने कुणाचं पोट भरलंय?" कुणाला त्याचं काही वाटलं नाही. रोसविताला वाटलं, पण तिने ते खरं मानलं, आणि माणसाने लहानपणी एखादी गोष्ट खरी मानली की ती हाडात मुरते.

या खेळात ती आली तीही ओढूनताणून. धाकट्या भावाने कुठूनतरी खेळाचं खोकं आणलं, मित्र गोळा केले, आणि ऐन दिवशी घसा बसला म्हणून बहिणीला म्हणाला, तू नुसतं वाच. खोक्यात एक तयार मोहीम होती. त्यात मध्ये मध्ये करड्या चौकटी असतात. बाकीचं सूत्रधाराने आपल्यापुरतं समजून घ्यायचं असतं, पण चौकटीतला मजकूर खेळणाऱ्यांना शब्दशः वाचून दाखवायचा असतो. रोसविताने पहिली चौकट वाचली आणि खोली गप्प झाली. ट्रामचे थांबे पुकारून पुकारून तिचा आवाज स्वच्छ झालेला होता, आणि घाई म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. भावाचा घसा बरा झाला, पण मित्रांनी त्याला परत सूत्रधार होऊ दिलं नाही.

एकदा तिने स्वतःची मोहीम रचायचा प्रयत्न केला होता. योखेनच्या टोमण्यांना कंटाळून केला, असं ती सांगते. तिने एक गाव रचलं. गावात चीज करणारी म्हातारी होती, तिची सून होती, चांगला लोहार होता, त्याहून चांगला पाद्री होता. तिघंही खेळाडू संपूर्ण दुपार त्या गावात हिंडले. कुणी त्यांच्यावर चालून आलं नाही, कुणी फसवलं नाही. शेवटी त्यांनी चीज विकत घेतलं आणि निघाले.

"रोसविता," आनेग्रेट म्हणाली, "या गावात एकही हलकट माणूस नाही. मी तीन तास शोधतेय."

रोसविता ओशाळून हसली. पण घरी गेल्यावर तिला कळलं ते कल्पनाशक्तीबद्दल नव्हतं. तिला कुणाचं वाईट करवत नव्हतं. छापील मोहिमेत ते काम दुसऱ्या कुणीतरी, लांब कुठल्यातरी शहरात बसून, आधीच करून ठेवलेलं असायचं. विश्वासघात ठरलेला, मरण ठरलेलं. ती फक्त चौकट वाचायची. खेळाडू कितीही हळहळले तरी खांदे उडवून म्हणायची, "मी काय करू? लिहिलंय तसं." त्या दोन वाक्यांच्या आडोशाला ती सुखाने राहत होती.

म्हणून तिने पुन्हा रचण्याच्या फंदात पडायचं नाही असं ठरवलं, आणि जे करायचं ते नीट करायला लागली. नवीन मोहीम आणली की ती आधी नुसती गोष्ट म्हणून वाचायची. मग शत्रूच्या बाजूने वाचायची, त्याला काय हवंय ते समजेपर्यंत. आणि तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, आपल्या तिघांपैकी कोण कुठे अडेल ते ताडत. फोल्कमार पुलावर थांबणार, आनेग्रेट खानावळीत भांडणार, योखेन नकाशा मागणार. लोक म्हणतात तयार मोहीम म्हणजे तयार जेवण. तिने वाढलेलं जेवण ज्यांनी खाल्लंय ते तसं म्हणत नाहीत. पण चौकटीतला एक शब्दही ती कधी बदलायची नाही. ते दुसऱ्याचं आहे, त्याला हात लावायचा नाही, असं म्हणायची.

'उत्तरदार' नावाची मोहीम त्यांनी सुरू केली तेव्हा चौघंही चाळिशीच्या आसपास होते. सहा जाडजूड भागांची ती मोहीम. रोसविताने सगळे भाग एकदम घेतले आणि सुरुवात करण्याआधी शेवटापर्यंत वाचून काढले. पहिल्याच भागात एक लोखंडी किल्ली सापडते. खेळाच्या नियमाप्रमाणे ती इतकी जड, की जो घेईल त्याला दुसरं फारसं काही उचलता येत नाही. आनेग्रेट नको म्हणाली, योखेन नको म्हणाला.

"द्या इकडे," फोल्कमार म्हणाला. "जन्म गेला कौलं वाहण्यात."

रोसविताने त्याच्या पात्राच्या कागदावर किल्ली लिहिली. सहाव्या भागात ही किल्ली असणाऱ्याचं काय होतं ते तिला ठाऊक होतं. उत्तरदार, म्हणजे उत्तरेकडचं संकट अडवणारं दार, आतून बंद करावं लागतं. किल्लीवाला आत राहतो. त्या पानावर चौकटीच्या वर सूत्रधारासाठी ठळक अक्षरांत एकच सूचना होती: इथे फासे टाकू नयेत. म्हणजे सुटका नाही. नशीबसुद्धा नाही. तेव्हा ते वाचून रोसविताला आवडलं होतं. चांगला शेवट आहे, असं तिला वाटलं होतं.

घाई कुणालाच नव्हती. सुट्ट्या यायच्या, आनेग्रेटचा घटस्फोट आला, योखेनची आई गेली. मोहीम सहाव्या भागाच्या तोंडाशी आली तोपर्यंत अकरा वर्षं उलटली होती. आणि त्याच वसंतात फोल्कमारच्या पोटात दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला.

उन्हाळाभर शनिवार बंद राहिले. सप्टेंबरात तो परत आला. दोन स्वेटर एकावर एक घालून, कौलं वाहणाऱ्या त्या खांद्यांवर ते हँगरला लटकल्यासारखे दिसत होते. हातात पावांचा डबा होता. "मी खात नाही हल्ली," तो म्हणाला, "पण तुम्ही खा. मला बघायला आवडतं." आणि बसला. तब्येतीबद्दल कुणी विचारलं नाही. आनेग्रेटने त्याच्यासाठी चहा ओतला आणि म्हणाली, "चल, तुझ्या किल्लीने आम्हाला आधीच उशीर झालाय."

ऑक्टोबरात एका सकाळी हाइड्रुन रोसविताकडे आली. हाइड्रुन म्हणजे फोल्कमारची बायको. ती कधी खेळली नाही. या सगळ्याला ती 'तुमचं तळघर' म्हणायची, तेही फार प्रेमाने नाही. रोसविताने कॉफी केली, आलुबुखाराचा केक कापला. हाइड्रुनने केकला हात लावला नाही.

"ते तुमचं कधी संपणार आहे?" तिने विचारलं.

"चार-पाच शनिवार. का गं?"

"त्याला बाकी कशात रस नाही. आठवडाभर त्याच्याबद्दलच विचार करतो. म्हणून विचारते, त्याचा तो माणूस, किल्लीवाला. शेवटी त्याचं काय होतं?"

शेवट आधी सांगायचा नाही, हे या लोकांत देवळातल्या नियमासारखं आहे. रोसविताने तो आजवर कधी मोडला नव्हता. पण हाइड्रुनचा चेहरा बघून तिच्याने खोटं बोलवेना, आणि गप्पही बसवेना. तिने सांगितलं.

हाइड्रुनने केकची बशी लांब सारली. "म्हणजे तिथेपण मरतो," ती म्हणाली.

"तसं लिहिलंय."

"मग लिहिलेलं बदल. मी त्याला रोज सांगते की रंग सुधारलाय, भूक येईल, पुढच्या उन्हाळ्यात समुद्रावर जाऊ. दिवसभर मी तेवढंच काम करते. आणि शनिवारी तू त्याला मारणार, तेही पुस्तकातून वाचून?" तिचा आवाज फुटला. "तुला काय जातंय गं? कागदाचा माणूस आहे. त्याला जगू दे."

"बरं," रोसविता म्हणाली. "देते मी शब्द."

त्यानंतर तीन रात्री ती स्वयंपाकघरात बसून लिहीत होती. त्या चीजवाल्या गावानंतर पहिल्यांदाच ती स्वतःचं काही लिहीत होती. खोडत होती, परत लिहीत होती. शेवटी एक छोटासा मजकूर झाला, चौकटीच्या आकाराच्या कागदावर तिने तो नीट उतरवला आणि सहाव्या भागाच्या त्या पानावर ठेवला. वाईट नव्हता तो. योखेनने ऐकला असता तर कदाचित मान डोलावली असती.

नोव्हेंबरातला तो शनिवार आला. तळघरातला हीटर टकटक करत होता. दुपारभर त्यांनी उत्तरदारापर्यंतची शेवटची वाट काढली. योखेनचं पात्र जखमी झालं, आनेग्रेटने शत्रूच्या सरदाराला अशा काही शिव्या घातल्या की रोसविताने त्यालाच माघार घ्यायला लावली. मग दार आलं. दोघं दारातून पळत बाहेर पडतायत, किल्लीवाला मागे, दार मिटायला लागलंय.

खेळाडूंना पुस्तक दिसू नये म्हणून समोर उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे रोसविताने ते उघडलं, आणि आपला कागद वाचला. दार करकरतं. उंबऱ्यात एक दगड अडकतो. माणूस अंग चोरून निघेल एवढी फट क्षणभर उरते. तिने मान वर केली. "फोल्कमार, फासा टाक. दहाच्या वर आलं की तू बाहेर."

"सोपंय," आनेग्रेट म्हणाली. "टाक रे पटकन."

फोल्कमारने वीस बाजूंचा फासा उचलला, तळहातावर धरला, आणि परत टेबलावर ठेवला.

"इथे फासे टाकायचे नसतात, रोसविता," तो म्हणाला.

आधी कुणाला काही उमगलं नाही. मग आनेग्रेटच्या हातातला पाव खाली आला. "तुला कसं माहीत?" ती म्हणाली. "फोल्कमार, तू पुस्तक वाचलंस?"

त्याने फासा बोटाने बाजूला सारला.

"वाचलंस तू. अकरा वर्षं आम्ही कान झाकून बसलो, खेळांच्या दुकानात या पुस्तकांच्या कपाटाकडे मी पाठ करून उभी राहते, आणि तू वाचलंस? बायकोला फसवलं असतंस तर मी एकवेळ समजू शकले असते."

"जूनमध्ये वाचलं," फोल्कमार म्हणाला. "हॉस्पिटलमध्ये. मागवून घेतलं. मला वाटलं, शेवटापर्यंत काही मी येत नाही. आणि हे असं मध्येच टाकून जायचं म्हणजे अर्धं छप्पर उघडं ठेवून खाली उतरायचं. मला ते जमेना."

"आणि सप्टेंबरपासून तू आमच्यासमोर सोंग आणतोयस," योखेन म्हणाला. "मागच्या शनिवारी त्या भुयारात तू घाबरलास ते?"

"चांगलं घाबरलो की नाही?"

योखेन हसला, आणि मग त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

रोसविता पुस्तकाकडे बघत होती. चोरी पकडली गेली होती ती खरं तर तिची, पण तिला तसं कुणी म्हटलं नाही. फोल्कमार तिच्याकडे वळला.

"वाचून मला बरं वाटलं होतं," तो म्हणाला. "तिथे सरळ लिहिलं होतं. घरी हाइड्रुन म्हणते, रंग सुधारलाय. डॉक्टर म्हणतात, बघू. भाऊ म्हणतो समुद्रावर जाऊ. मायेनेच बोलतात सगळे, मला कळत नाही का? पण मी एकटा पडलोय गं. माझं काय होणार आहे ते मला ठाऊक, त्यांना ठाऊक, आणि बोलायचं कुणीच नाही. मी या शनिवारची वाट बघत होतो. म्हटलं, निदान तळघरात तरी कुणीतरी ते मोठ्याने वाचेल."

"मी हाइड्रुनला शब्द दिलाय," रोसविता म्हणाली.

"मला वाटलंच. हाइड्रुनशी मी बोलतो. ते काम माझंच होतं, मी टाळलं."

"मला नाही जमणार ते वाचायला, फोल्कमार."

"का? तू तर नेहमी म्हणतेस, लिहिलंय तसं."

"तेव्हा लिहिणारा दुसरा असायचा. आज मी हे वाचलं तर ते मी तुला सांगितल्यासारखं होईल. मी."

"हो," फोल्कमार म्हणाला. "तेच हवंय."

रोसविताने पुठ्ठ्याचा आडोसा मिटला आणि बाजूला ठेवला. असं तिने आधी कधी केलेलं नव्हतं. पुस्तक सगळ्यांना दिसत होतं, करडी चौकट, वरची सूचना, समासातल्या तिच्या जुन्या पेन्सिलच्या खुणा. आपला कागद तिने उचलून पुस्तकाखाली सरकवला. मग वाचायला लागली, नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या संथपणाने, फक्त दर ओळीनंतर एकदा मान वर करून फोल्कमारकडे बघत. किल्ली फिरते. दार मिटतं. बाहेर उरलेल्यांच्या तोंडावर उन्हं येतात. आत अंधार आहे, पण किल्लीवाला उभा आहे, आणि दार धरून आहे, आणि जोवर तो आहे तोवर उत्तरेकडून काही येणार नाही. तो परत येणार नाही. हे त्याला ठाऊक आहे, आणि आता तुम्हालाही.

चौकट तिथे संपते. खाली लिहिलं होतं की दार पूर्ण मिटण्याआधी किल्लीवाल्याला हवं ते बोलू द्यावं, घाई करू नये. छापील मोहिमांना नावं ठेवणारे हे विसरतात. त्यांत बोलायच्या जागा मोकळ्या सोडलेल्या असतात, आणि त्या कुणी कुणासाठी भरून देऊ शकत नाही.

फोल्कमारने चहाचा पेला दोन्ही हातांत धरला होता. "दार घट्ट लावा," तो म्हणाला. "फट ठेवू नका. फट राहिली तर तुम्ही तिथेच बसाल, आणि मी इकडे वाट बघत बसेन. चांगलं ओढून घ्या, आणि मग जेवा काहीतरी."

मग आनेग्रेट म्हणाली, "मी दार ओढते," आणि ती रडायला लागली, आणि रडता रडता तिने डब्यातला पाव उचलून खाल्ला. योखेननेही खाल्ला. रोसविताने अर्धा संपवला. फोल्कमार त्यांच्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा किती मोकळा झाला होता ते तिघांनाही दिसलं.

त्यानंतर तो तळघरात आला नाही. जानेवारीत गेला.

अंत्यविधीला हाइड्रुनने सगळ्यांचे हात हातात घेतले. रोसविताने हात पुढे केला तेव्हा तिने मान फिरवली आणि मागच्या माणसाकडे वळली. रोसविताचा हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. तिला ते रास्तच वाटलं. शब्द देऊन मोडला होता, त्याची शिक्षा एवढीच असेल तर थोडकीच म्हणायची. तरी ती घरी जाऊन खूप रडली, आणि शनिवारच्या दुपारी ती ट्रामच्या पाळ्या मागून घ्यायला लागली. योखेनने फोन केला, नवी मोहीम आणूया का म्हणून. ती म्हणाली, नको. पुढे काय लिहिलंय ते आधीच ठाऊक असणारी बाई व्हायचा तिला कंटाळा आला होता, आणि भीतीही वाटत होती. खरं वाचून आपण त्या माणसाचं भलं केलं की त्याच्या बायकोच्या तोंडचा शेवटचा घास काढून घेतला, हे तिला काही केल्या ठरवता येत नव्हतं.

मार्चअखेरीस, अशाच एका शनिवारी, हाइड्रुन तिच्या ट्राममध्ये चढली. रोसविताला ती आरशात दिसली. उतरेल, उतरेल असं वाटत होतं, पण ती उतरली नाही. शेवटच्या थांब्यावर बाकी सगळे गेले, गाडीला परत निघायला थोडा अवकाश होता. हाइड्रुन पुढे आली आणि चालकाच्या दाराशी उभी राहिली.

"मला विचारायचं होतं," ती म्हणाली. "तो शेवटी काय बोलला, तुमच्या त्या दाराशी? मला त्याने तेवढं सांगितलं नाही. म्हणाला, ते रोसविताला विचार."

रोसविताने सांगितलं. फट ठेवू नका इथपासून जेवा काहीतरी इथपर्यंत, जसंच्या तसं, त्याच शब्दांत.

हाइड्रुन पुढच्या बाकावर बसली. "त्या दिवशी तो घरी आला," ती म्हणाली, "कोट न काढताच स्वयंपाकघरात बसला, आणि म्हणाला, हाइड्रुन, मी मरणार आहे, आता आपण जरा बोलू या. मी त्याच्यावर ओरडले. मग तुझ्या नावाने खडे फोडले. तो ऐकत बसला. आणि मग आम्ही बोललो. मी या घरात राहायचं की बहिणीकडे जायचं. त्याची हत्यारं कुणाला द्यायची. चर्चमध्ये कुठलं गाणं अजिबात नको. त्यातून लग्नाआधीचं काय काय निघालं. आम्ही हसलोसुद्धा गं, पोट धरून हसलो."

तिने खिडकीतून बाहेर बघितलं. "तुझ्यावर मी फार चिडले होते. अजून थोडी आहे. पण त्याच्या आजारपणातलं मला बाकी काही आठवत नाही. औषधं, आणि माझी बडबड, रंग सुधारलाय, भूक येईल. ती एक संध्याकाळ तेवढी आठवते. तू शब्द पाळला असतास तर ती मला मिळालीच नसती."

निघायची वेळ टळून गेली होती, आणि बाहेरून कुणीतरी मागच्या दाराची काच ठोठावत होतं. रोसविता आपल्या जागेवरून उठली, हाइड्रुनच्या शेजारी जाऊन बसली, आणि तिचा हात हातात घेतला. या वेळी हाइड्रुनने तो काढून घेतला नाही.